कान्हकाठच्या शेतांसाठी रब्बी सल्ला : मोहरीने जड धातू किती निघतात?

इंदूरच्या सांवेर रोड परिसरात कान्ह नदीचे किंवा कारखान्यांच्या नाल्याचे पाणी ज्या शेतांना वर्षानुवर्षे मिळत आले आहे, तेथील माती सोयाबीन निघताच, रब्बीच्या पेरणीपूर्वी तपासून घ्यावी. नमुना शेतातील आठ-दहा ठिकाणांहून, १५ सेंमी खोलीपर्यंतचा, लाकडी किंवा प्लास्टिकच्या साधनाने घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरल्यास अहवालात जस्त उगीच वाढून दिसते. नत्र-स्फुरद-पालाशाच्या नेहमीच्या तपासणीत शिसे व कॅडमियम येत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेला जड धातूंची तपासणी हवी असे स्पष्ट लिहून द्यावे.

अहवाल वाईट आला तर पालक, मेथी, कोथिंबीर पूर्णपणे बंद करावी, कारण दाण्यांपेक्षा पानांत धातू अधिक साठतात. अशा शेतात ऑक्टोबरमध्ये दाट मोहरी पेरता येते. ती शिसे, कॅडमियम व निकेल मुळांवाटे शोषून घेते. मात्र माळव्याची काळी माती अल्कधर्मी व चुनखडीयुक्त असल्याने हे धातू तिच्यात घट्ट धरून राहतात आणि मोहरीच्या हाती थोडेच लागतात. हेक्टरी १५ सेंमीच्या थरात सुमारे २,००० टन माती असते. त्यात कॅडमियम किलोमागे २ मिलिग्रॅम जास्त असेल, तर काढायचे ४ किलो होतात. हेक्टरी ५ टन सुकी मोहरी, तीत किलोमागे २० मिलिग्रॅम कॅडमियम, असे सढळ हाताने धरले तरी एका हंगामात जेमतेम १०० ग्रॅम निघते. म्हणजे चाळीस हंगाम, तेही नाल्याचे पाणी आजच तोडले तर. शोषण वाढवण्यासाठी ईडीटीए (मातीतील धातू सुटे करणारे रसायन) टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तरी तो मानू नये. सुटे झालेले धातू पिकात जाण्याऐवजी विहिरीच्या पाण्यात उतरू शकतात.

मोहरी फुलावर येताच मुळासकट उपटावी, कारण शिसे बहुतांशी मुळांतच अडकते. तिचा कोवळा पाला भाजीसाठी खुडू नये, गुरांना घालू नये, शेतात जाळू नये की खतातही टाकू नये. उपटलेले पीक कोरडे, झाकून ठेवावे आणि विल्हेवाटीविषयी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंदूर कार्यालयाकडे विचारणा करावी.

जेथे इतकी वर्षे थांबणे परवडत नाही, तेथे माती स्वच्छ करण्यापेक्षा धातू जागीच अडवणे शहाणपणाचे. शेणखत भरपूर घालून झेंडू घ्यावा, आणि नाल्याकडच्या बांधावर वाळा लावावा. त्याची खोल मुळे माती व धातू दोन्ही धरून ठेवतात. पण हाच वाळा माठात टाकण्यासाठी विकू नये.