बुजऱ्या कुत्र्याला फिरवताना गळपट्टा की हार्नेस?

आमची कुत्री चिंगी एकदा फिरताना गळपट्ट्यातून निसटली. कारण अगदी साधे होते. रात्री नऊच्या सुमारास शेजारच्या किराणा दुकानाचे शटर खाली ओढले गेले आणि त्याचा खडखडाट झाला. चिंगीने पाय रोवले, कान पाडले, मान खाली घातली आणि ती दोन पावले मागे सरकली. माझ्या हातातील दोरीच्या टोकाला गळपट्टा तसाच लोंबकळत राहिला, त्याचे बकलही लागलेलेच होते, मात्र त्यात मान नव्हती. रस्त्यावरून घरी आणलेल्या या देशी कुत्रीला आमच्याकडे येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. चार तासांनी ती एका उभ्या टेम्पोखाली अंग चोरून बसलेली सापडली. त्या रात्रीपासून मी या विषयाकडे फार गांभीर्याने पाहू लागलो, आणि नव्याने कुत्रे घरी आणणाऱ्या प्रत्येकाने ते पहिल्याच दिवसापासून पाहावे, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

गळपट्टा चांगला की हार्नेस, म्हणजे मान आणि छातीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, हा प्रश्न बहुतेक लोक ओढणाऱ्या कुत्र्याच्या संदर्भात विचारतात. ओढणारे कुत्रे पुढे जाते. बुजलेले कुत्रे मागे जाते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वस्तू पुढे ओढणाऱ्या कुत्र्याचा विचार करून बनवलेल्या असतात, म्हणून भित्र्या कुत्र्यासाठी खरेदी करताना आपल्याला उलट्या दिशेने विचार करावा लागतो. आपले कुत्रे घाबरले की नेमके काय करते, हे आधी काही दिवस नीट पाहावे. काही कुत्री जागच्या जागी थिजतात आणि रस्त्यावर अक्षरशः बसकण मारतात. काही घराच्या दिशेने जीव खाऊन धावतात. काही गोल फिरत आपल्या पायांत दोरी गुंडाळतात. आणि काही चिंगीसारखी मान सोडवून घेतात. यांपैकी शेवटचा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे, कारण रहदारीच्या रस्त्यावर सुटलेल्या घाबरट कुत्र्याला आपली हाक ऐकूच येत नाही.

गळपट्टा निसटतो तो कुत्र्याच्या डोक्याच्या आकारामुळे. आपल्या देशी कुत्र्यांचे डोके निमुळते असते आणि कान मागे पाडले की ते आणखी अरुंद होते. कारवान किंवा मुधोळ जातीच्या कुत्र्यांमध्ये तर मान डोक्याएवढी, कधी कधी त्याहूनही जाड असते. अशा कुत्र्याने मान खाली घालून मागे जोर लावला की आपण पुढून धरलेली दोरीच पट्टा कानांवरून काढून देते. त्यावर उपाय म्हणून पट्टा आणखी एक भोक आवळणे हे बरोबर नाही. दोन बोटे सपाट आत जातील एवढी जागा ठेवावीच लागते, आणि ती ठेवली की या कुत्र्यांच्या बाबतीत साधा पट्टा निसटण्याचा धोका उरतोच.

दुसरी अडचण गळ्याची आहे. पट्टा जिथे बसतो तिथेच श्वासनलिका, स्वरयंत्र, थायरॉइड ग्रंथी आणि डोक्याकडून रक्त परत आणणाऱ्या शिरा असतात. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात कुत्र्यांना गळपट्ट्यावर आणि नंतर हार्नेसवर ओढायला लावून त्यांच्या डोळ्यांतील दाब मोजण्यात आला होता. गळपट्ट्यावर ओढताना तो वाढला, हार्नेसवर तसा वाढला नाही. म्हणून काचबिंदूचा त्रास असलेले कुत्रे, श्वासनलिका दबण्याची शक्यता असलेले पॉमेरेनियनसारखे छोटे कुत्रे, चपट्या नाकाचा पग आणि मानेच्या मणक्याचे दुखणे असलेले कोणतेही कुत्रे यांच्या बाबतीत वाद घालण्याचे कारणच नाही: त्यांची दोरी हार्नेसलाच जोडावी.

भित्र्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र याहून महत्त्वाची गोष्ट मनाशी संबंधित आहे. समोरून भटक्या कुत्र्यांची टोळी आली की आपला हात नकळत आखडतो, दोरी ताणली जाते आणि पट्टा गळ्यात रुततो. कुत्र्याच्या दृष्टीने, भीती वाटते ती गोष्ट दिसली आणि त्याच क्षणी गळा आवळला गेला. असे आठ-दहा वेळा झाले की त्याच्या मनात त्या दोन्ही गोष्टींची सांगड पक्की बसते. मग दूरवर नुसते कुत्रे दिसले तरी ते गुरगुरू लागते, आणि आपण म्हणतो की हल्ली ते चिडखोर झाले आहे. शिवाय ताणलेल्या पट्ट्याने त्याची मान वर उचलली जाते, छाती पुढे येते आणि समोरच्या कुत्र्यांना ते अंगावर येत आहे असे वाटते. हार्नेसमध्ये तोच ताण छातीच्या हाडावर आणि बरगड्यांवर विभागला जातो. भीती त्याने जात नाही, पण निदान त्या भीतीत गळ्याच्या वेदनेची भर पडत नाही. याच कारणासाठी गळ्यात आवळणारी साखळी आणि आतून काटे असलेला पट्टा बुजऱ्या कुत्र्याला कधीही घालू नये, मग सांगणारा कितीही अनुभवी असो.

इतके वाचून कोणी दुकानातून दिसेल तो हार्नेस आणेल, म्हणून लगेच सांगतो: हार्नेसमधूनही कुत्रे निसटते. नेहमीच्या हार्नेसला मानेभोवती एक आणि पुढच्या पायांमागे छातीभोवती एक असे दोन पट्टे असतात. कुत्रे मागे सरकले, कोपरे पुढे ओढून घेतले आणि पाठ वाकवली की तो संपूर्ण हार्नेस अंगरख्यासारखा डोक्यावरून निघून येतो. घाबरून मागे हटणाऱ्या कुत्र्यासाठी तीन पट्ट्यांचा हार्नेस घ्यावा. त्यातील तिसरा पट्टा बरगड्या संपत आल्यावर जिथे कंबर बारीक होते तिथे बसतो. मागे सरकताना त्या बारीक जागेवरचा पट्टा रुंद छातीवरून पुढे जाऊ शकत नाही, एवढेच त्याचे साधे तत्त्व आहे. देशी कुत्र्यांची आणि हाउंड जातींची छाती खोल व कंबर बारीक असल्यामुळे त्यांना तो विशेष चांगला बसतो. सपाट, पिंपासारख्या अंगाच्या लॅब्रॅडॉरला त्याचा तितका उपयोग होत नाही, कारण अडकायला कंबरच नसते.

माप घेण्यासाठी शिवणकामाची फीत वापरावी आणि कुत्रे उभे असताना माप घ्यावे. मानेचे माप गळ्याच्या वरच्या भागात न घेता, मान जिथे खांद्याला मिळते त्या बुंध्याशी घ्यावे. छातीचे माप पुढच्या पायांच्या मागे, सर्वांत रुंद जागी घ्यावे. आणि तिसऱ्या पट्ट्यासाठी कंबरेजवळचे माप वेगळे लिहून ठेवावे. वजनावरून लहान, मध्यम, मोठा असा आकार निवडला तर बहुधा चूक होते. हार्नेस घातल्यावर पुढची गाठ छातीच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. ती गळ्याकडे सरकत असेल तर हार्नेस असूनही त्रास गळपट्ट्याचाच होतो. छातीचा पट्टा काखेपासून दोन-तीन बोटे मागे असावा. काखेतली कातडी फार नाजूक असते आणि तिथे घासले की चार दिवसांत केस जाऊन लाल चट्टा उठतो. खांद्यावरून आडवा जाणारा रुंद पट्टा असलेले हार्नेस दिसायला भक्कम असतात, परंतु कुत्र्याचे पाऊल आखडते का, हे ते चालताना बाजूने पाहूनच ठरवावे.

रस्त्यावर नेण्यापूर्वी घराचे दार बंद करून एक चाचणी अवश्य घ्यावी. हार्नेस घालून कुत्र्यासमोर उभे राहावे, दोरी हलकेच आपल्याकडे धरावी आणि दुसऱ्या कोणाला तरी कुत्र्याच्या मागे खाऊ घेऊन बसायला सांगून त्याला मागे बोलवावे. पट्टे कोपरांवरून पुढे सरकू लागले तर माप चुकले आहे. चाचणीत हिसका देऊ नये. आपल्याला कुत्र्याची परीक्षा घ्यायची नसून हार्नेसची घ्यायची आहे.

आता गळपट्ट्याची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. काही कुत्र्यांना अंगावर हात फिरवलेला सहन होत नाही, डोक्यावरून काही आणले की ती दबून जातात आणि पोटाखाली बकल लावू देत नाहीत. अशा कुत्र्याला पहिल्याच आठवड्यात जबरदस्तीने हार्नेसमध्ये कोंबले तर फिरायला जाण्याचीच त्याला धास्ती बसते. त्याच्यासाठी सुरुवातीला मार्टिंगेल पट्टा उपयोगी पडतो. त्यात एक मोठा आणि एक छोटा असे दोन फास असतात. ताण आला की छोटा फास मोठ्याला ठरावीक मर्यादेपर्यंत आवळतो आणि ताण सुटताच सैल होतो. तो पूर्ण आवळलेला असताना मानेच्या घेराइतका व्हावा, त्याहून लहान होऊ नये. म्हणजे तो कानांवरून निघत नाही आणि गळाही दाबत नाही. घरी एकटे असताना मात्र तो काढून ठेवावा, कारण त्याचा सैल फास दाराच्या कडीत किंवा खिडकीच्या गजात अडकू शकतो. शिवाय हार्नेस वापरणाऱ्यांनीही कुत्र्याच्या गळ्यात एक हलका साधा पट्टा ठेवावाच. त्यावर आपला दूरध्वनी क्रमांक कोरलेली चकती असावी. कुत्रे हरवले तर ते ज्याला सापडेल त्याला आधी तीच दिसते.

हार्नेसची सवय लावताना घाई करू नये. शक्यतो मानेजवळही खटका असलेला हार्नेस निवडावा, म्हणजे तो डोक्यावरून घालावा लागत नाही. पहिले दोन दिवस तो नुसता जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे बारीक तुकडे टाकावेत. नंतर तो पाठीवर क्षणभर ठेवावा आणि उचलावा. खटक्याचा ‘टक्’ आवाज अनेक कुत्र्यांना कानाजवळ बंदुकीसारखा वाटतो. म्हणून सुरुवातीला तो कुत्र्यापासून लांब, मुठीत दाबून वाजवावा आणि प्रत्येक आवाजानंतर एक तुकडा द्यावा. चिंगीला यासाठी अकरा दिवस लागले, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी तीन मिनिटांहून कमी. बाराव्या दिवशी तिने स्वतःहून मानेच्या फटीत नाक घातले, तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

दोरी सुमारे 2 मीटर लांबीची, सपाट आणि न ताणली जाणारी घ्यावी. डबीत गुंडाळली जाणारी दोरी बुजऱ्या कुत्र्यासाठी टाळावी. ती हातातून निसटली की प्लॅस्टिकची डबी खडखडत कुत्र्याच्या मागे लागते आणि ते जितके पळते तितकी ती पाठलाग करते. लोखंडी साखळीचा आवाजही याच कारणाने नको. ज्यांचे कुत्रे एकदा तरी सुटले आहे त्यांनी दोन्ही टोकांना कडी असलेली दोरी घेऊन एक कडी हार्नेसच्या पाठीवर आणि दुसरी मार्टिंगेलला लावावी. गळ्याकडची बाजू सैल असावी, सगळा भार हार्नेसवर यावा. गळ्याचा पट्टा फक्त दुसरा आधार म्हणून राहतो. छातीवर पुढे कडी असलेले हार्नेस ओढणाऱ्या कुत्र्याला वळवण्यासाठी चांगले असतात, परंतु घाबरलेले कुत्रे त्या ताणाने आपल्याकडे तोंड करून फिरते, आणि मागे निसटण्यासाठी त्याला हवी असलेली स्थिती नेमकी तीच असते. नाकावरून जाणारी मुस्कीसारखी पट्टी तर भित्र्या कुत्र्याला मी सुचवणारच नाही.

पावसाळ्यात हार्नेस रोज काढून वाळवावा. ओल्या नायलॉनखाली कातडी दमट राहते, बुरशी धरते आणि गोचिड्या नेमक्या पट्ट्याखाली लपतात. घरात आल्यावर हार्नेस काढणे हाच नियम असावा. अपवाद फक्त नव्याने आलेल्या, हात लावू न देणाऱ्या कुत्र्याचा, आणि तोही आपली नजर त्याच्यावर असेपर्यंत. कोकणातल्या आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत कड्यांना गंज लवकर चढतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी कडीची उघडझाप आणि शिवणीचे धागे पाहावेत. पिल्लू वाढत असेल तर मापही दर आठवड्याला तपासावे.

गणपतीची मिरवणूक आणि दिवाळी हे दिवस वेगळे धरावे लागतात. त्या काळात चिंगीला आम्ही पहाटे आणि दुपारी चारच्या आत फिरवून आणतो, नंतर नाही. दोन्ही कड्या लावल्याशिवाय तिला सोसायटीच्या आवारातही नेत नाही, आणि दार उघडण्यापूर्वी एक बोट प्रत्येक पट्ट्याखाली सरकवून पाहतो: मान, छाती, कंबर, याच क्रमाने.