संकटात आधी माणसाला हाक
गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या घरात आजीला अचानक भोवळ आली किंवा कोणाला साप चावला, तर मुलाने एआयला उपाय विचारत बसू नये. ते उत्तर कितीही आश्वासक वाटले, तरी त्याने रुग्णवाहिका दारात येत नाही. मोठ्याने हाक मारून शेजाऱ्यांना बोलवावे आणि लगेच १०८ किंवा ११२ हा क्रमांक लावावा, हे त्याला शिकवा. फोन लॉक असला तरी आपत्कालीन कॉल करता येतो, हे प्रत्यक्ष दाखवा. कोणी त्रास देत असल्यास मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे. आपल्या गावांत घर क्रमांकापेक्षा वाड्याचे (वस्तीचे) नाव आणि जवळचे देऊळ किंवा खुरीस (क्रूस) सांगितल्यास घर लवकर सापडते. म्हणून गाव, वाडा, खूण आणि काय झाले, या क्रमाने बोलण्याचा सराव खेळण्यातल्या फोनवर वारंवार करून घ्या, आणि पलीकडची व्यक्ती सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हे आवर्जून सांगा.