उत्तरकालीन रोमन ब्राँझ नाणी ओळखताना या चुका टाळा

चौथ्या शतकातली रोमन ब्राँझ नाणी त्या मानाने स्वस्त मिळतात, त्यामुळे नवखे संग्राहक तिथूनच सुरुवात करतात. आणि तिथेच अडकतात, कारण बहुतेक जण आधी चेहरा बघतात.

या काळात चेहऱ्यावर भिस्त ठेवू नका. आधीच्या सम्राटांपैकी निरोचा जाडजूड गळा किंवा हेड्रियनची दाढी लगेच ओळखू येते, पण सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याची मुलं सगळी एका छापाची. याच घराण्यातल्या ज्युलियनची दाढी तेवढी वेगळी, तीही तो सीझर (कनिष्ठ सम्राट) असतानाच्या नाण्यांवर नसते. त्यापेक्षा नाव वाचा, आणि नावाचं शेपूट वाचा. कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टँशियस आणि कॉन्स्टन्स या तिघांची पहिली सात अक्षरं एकच असतात. पुढे टी-आय-एन-व्ही-एस आलं तर कॉन्स्टंटाइन, टी-आय-व्ही-एस आलं तर कॉन्स्टँशियस, नुसता एस असेल तर कॉन्स्टन्स. मधला एक 'एन' झिजला की राजा बदलतो! अक्षरं पुसट असतील तर मोबाइलचा टॉर्च वरून मारू नका. बाजूने, अगदी आडवा धरा आणि नाणं हळूहळू फिरवा.

डोक्यावर काय आहे तेही बघा. मागच्या बाजूला सैनिक पडत्या घोडेस्वाराला भाला मारतोय आणि नाव कॉन्स्टँशियस, एवढं दिसलं की लोक 'दुसरा कॉन्स्टँशियस' म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण डोकं उघडं, रत्नपट्टी नाही, असं असेल तर तो त्याचा चुलतभाऊ गॅलस, 351 ते 354 मधला सीझर; नाण्यावर त्याचंही नाव कॉन्स्टँशियसच असतं.

दोन सैनिकांच्या नाण्यावर मधले ध्वज मोजायचे. दोन असतील तर 330 ते 335, एकच असेल तर त्यानंतरचं. हे एका ध्वजाचं नाणं आकाराने आणि वजनानेही लहान असतं.

टांकसाळीची खूण मागच्या बाजूला, तळाच्या रेघेखाली असते. इथला नेहमीचा घोटाळा म्हणजे सी-ओ-एन-एस ही अक्षरं दिसली की थेट कॉन्स्टँटिनोपल लिहून टाकणं. फ्रान्समधल्या आर्ल शहराचं नाव त्या काळात कॉन्स्टंटिना झालं होतं, त्यामुळे तिथल्या नाण्यांवरही हीच सुरुवात येते. आधी पी किंवा एस आणि शेवटी टी असेल तर बहुधा आर्ल. शेवटी ए, बी किंवा ग्रीक गॅमा असेल तर कॉन्स्टँटिनोपल.

चिंच, लिंबू, पितळ उजळायची पॉलिश यातलं काहीही लावू नका. गंजलेल्या नाण्याची अक्षरं पुष्कळदा त्या हिरव्या-तपकिरी थरातच टिकलेली असतात. थर गेला की तीही गेली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, माती लाकडी काडीने काढा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र ते नाणं बाकीच्यांपासून लगेच वेगळं, कोरड्या जागी ठेवा.

आपल्याकडे तमिळनाडूत करूर, मदुराईच्या परिसरात आणि श्रीलंकेत अशी नाणी भरपूर सापडली आहेत, बहुतेक फार झिजलेली. त्यांत स्थानिक नकलाही आहेत. त्यांच्यावर अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा असतात, त्यातून नाव काढत बसू नका. 'अनुकरण' अशी नोंद करा आणि वजन, व्यास लिहून ठेवा. भारतातलं असं नाणं ओळखून घ्यायला परदेशी पाठवायचा विचारही नको: 1972 च्या पुरावस्तू कायद्याने खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. दोन्ही बाजूंचे चांगले फोटो पाठवा.