'सेबास्तोस': एका उपाधीपाशी मी चुकले तेव्हा

बायबलच्या नव्या कराराचं ग्रीक शिकायला लागून सहा-सात महिने झाले होते. त्यातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा २५ वा अध्याय वाचत होते. कैसरियात रोमन सुभेदार फेस्त अग्रिप्पा राजाला ख्रिस्ती प्रेषित पौलाची हकिकत सांगतो: 'सेबास्तोस'चा निकाल होईपर्यंत आपल्याला कैदेतच ठेवावं, असं या माणसाचं म्हणणं आहे. माझ्या छोट्या शब्दकोशात अर्थ होता 'ऑगस्टस'. मी वहीत लिहून मोकळी झाले, की पौलाने ऑगस्टसकडे दाद मागितली.

पण ऑगस्टस हा पहिला रोमन सम्राट इ.स. १४ मध्येच वारला. ही सुनावणी इ.स. ६० च्या आसपासची, आणि तेव्हा गादीवर होता नीरो. पेशवेकालीन कागदांत नुसतं 'श्रीमंत' दिसलं तर ते कुठले पेशवे हे साल पाहून ठरवावं लागतं, तसंच इथे. सेबास्तोस हे नाव नव्हे, उपाधी आहे.

तिचा उगम मात्र एका माणसाशीच आहे. इ.स.पू. २७ च्या जानेवारीत रोमच्या सेनेटने ऑक्टेव्हियनला, म्हणजे याच ऑगस्टसला, 'ऑगुस्तुस' म्हणून गौरवलं, आणि पुढचे सम्राट ती उपाधी लावत गेले. ग्रीक बोलणाऱ्या प्रांतांत तिचं भाषांतर झालं सेबास्तोस, म्हणजे पूज्य, वंदनीय. अंकाराच्या मंदिराच्या भिंतींवर ऑगस्टसचं आत्मवृत्त लॅटिन आणि ग्रीक दोन्हींत कोरलेलं आहे. लॅटिनमधल्या ऑगुस्तुससाठी ग्रीकमध्ये हाच शब्द येतो. यहूदियाचा राजा हेरोद याने शोमरोन नगराला 'सेबास्ते' नाव दिलं तेही ऑगस्टसच्या सन्मानार्थ. नाब्लुसजवळच्या तिथल्या गावाला आजही सेबास्तिया म्हणतात.

नवशिक्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की अर्थ सापडला तरी शब्दकोश लगेच मिटू नका. शब्द कुठे कुठे आलाय ते स्वतः मोजा. सेबास्तोस नव्या करारात तीनदाच येतो: कृत्ये २५:२१, २५:२५ आणि २७:१. शेवटच्या ठिकाणी ते पलटणीचं विशेषण आहे. लूक २:१ मधल्या नावनिशीच्या हुकमात मात्र 'कैसर औगुस्त' येतो (कैसर म्हणजे सम्राट); 'औगुस्त' हा लॅटिन शब्दच ग्रीक अक्षरांत लिहिलेला. तिथे ते त्या एका सम्राटाचं नाव आहे. लूकचं शुभवर्तमान आणि कृत्ये एकाच लेखकाची मानली जातात; एकाच हाताने नाव तसंच ठेवलं आणि उपाधीचं भाषांतर वापरलं, हे दिसलं तेव्हा मला फार आनंद झाला.

मग बोलतंय कोण ते पाहा. २५ व्या अध्यायात 'सेबास्तोस' फक्त फेस्तच्या तोंडी आहे. पौल म्हणतो, 'मी कैसराजवळ न्याय मागतो.' यावरून पौलाने तो शब्द मुद्दाम टाळला असं म्हणायचा मोह होतो, पण ते सिद्ध होत नाही. फेस्तही २१ व्या ओवीतच पुढे 'कैसर' म्हणतो.

शेवटी शब्दाचं कुटुंब पाहा. मला सगळ्यात जास्त याच कामाने शिकवलं. 'सेबोमाय' म्हणजे भक्ती करणे. कृत्ये १६:१४ मध्ये देवाची भक्ती करणारी लुदिया, १९:२७ मध्ये जिला सारा आसिया भजतो ती अर्तमी देवी, दोन्हीकडे हेच क्रियापद. १७:२३ मध्ये पौल अथेन्समध्ये ज्या पूज्य वस्तू पाहतो त्या 'सेबास्माता'. या सगळ्या ओव्या एका पानावर उतरवून मग फेस्तचं वाक्य मोठ्याने वाचलं, तेव्हा त्या सरकारी शब्दातली पूजा मला पहिल्यांदा ऐकू आली.