बारावीनंतर विद्यापीठ निवडताना: आधी विभाग, मग नाव

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या घरांत विद्यापीठांच्या नावांची चर्चा सुरू होते. माझे स्पष्ट मत आहे की तुलना नावांची नव्हे, विभागांची करावी. कारण एकाच विद्यापीठात एक विभाग भक्कम आणि त्याच्या शेजारचा दुबळा असू शकतो, आणि मुलांची वर्षे जातात ती एका विभागात. शिवाय पदवीचे बहुतेक शिक्षण संलग्न महाविद्यालयांत होत असल्यामुळे 'गोवा विद्यापीठ की पुणे विद्यापीठ' हा प्रश्न त्या पातळीवर अपुराच राहतो. खरी तुलना या महाविद्यालयाची त्या महाविद्यालयाशी करावी लागते.

विषय ठरला की पर्याय आपोआप कमी होतात. पुढे सागरी विज्ञान शिकायचे असेल, तर ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ आणि जवळच दोनापावल येथे असलेली, १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हा योग दुसरीकडे सहज जुळत नाही. अभियांत्रिकीसाठी मात्र फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय, कुंकळ्ळीची एनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) आणि झुआरीनगरचे बिट्स (बिर्ला समूहाची खासगी संस्था) यांचे प्रवेशाचे मार्ग आणि शुल्क यांत मोठा फरक आहे, म्हणून ती वहीत प्रत्येकी वेगळ्या पानावर लिहावीत. नवीन शैक्षणिक धोरणानुसार मेजर म्हणजे मुख्य विषयाबरोबर मायनर म्हणजे दुय्यम विषयही घ्यावा लागत असल्याने, हवी ती जोडी वेळापत्रकात खरोखर बसते का, हे विभागात जाऊन विचारावे. माहितीपत्रकात छापलेला प्रत्येक विषय दरवर्षी शिकवला जातोच असे नाही.

शैक्षणिक दर्जासाठी उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी पाहावी, पण ती संपूर्ण संस्थेची असते हे विसरू नये. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीतील क्रमांकापेक्षा संस्थांनी तेथे स्वतः भरून दिलेली माहिती मला अधिक उपयोगी वाटते: नोकरी लागलेल्यांची संख्या, उच्च शिक्षणाला गेलेल्यांची संख्या आणि वेतनाचा मध्यक (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळते तो आकडा) तिथे वाचायला मिळतो. जाहिरातीत झळकणारे सर्वांत मोठे पॅकेज एकाच विद्यार्थ्याचे असते. मध्यक मात्र निम्म्या मुलांची गोष्ट सांगतो.

खर्चाच्या बाबतीत आमच्या घरी चूक झाली. पुतणीसाठी राज्याबाहेरच्या एका संस्थेचे वार्षिक शुल्क आम्ही वहीत लिहिले आणि वसतिगृहाची अनामत, खानावळ, परीक्षा शुल्क व प्रयोगशाळेचे पैसे एकेक करून नंतर समजत गेले. तेव्हापासून मी प्रत्येकाला पूर्ण अभ्यासक्रमाचा एकत्रित आकडा लेखी मागायला सांगतो, आणि त्यात चतुर्थीला व सुट्टीत घरी येण्याजाण्याचे भाडेही धरायला सांगतो. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्ज योजनेची पात्रता प्रवेश घेण्याआधीच तपासावी. मूळ प्रमाणपत्रे संस्थेकडे ठेवून घेण्यास यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मनाई आहे. कोणी ती मागितली, तर पडताळणी करून लगेच परत घ्यावीत.

विद्यार्थिजीवन कागदावरून कळत नाही. प्रवेशदिन किंवा महोत्सव सोडून एखाद्या साध्या मंगळवारी जावे, जेवणाच्या वेळी खानावळीत बसावे, ग्रंथालय संध्याकाळी सहानंतर उघडे असते का ते पाहावे. वाळपई किंवा काणकोणहून रोज ये-जा करणार असाल, तर शेवटचा तास संपल्यावर मिळणारी कदंबची बस पकडून एकदा घरापर्यंत प्रवास करावा. ती बस चुकल्यास पुढची किती वाजता आहे, हेही थांब्यावर विचारून वहीत लिहावे.