ब्राउझरमधून रिमोट डेस्कटॉप: ग्वाकामोली लावताना या चुका टाळा

ग्वाकामोली म्हणजे ब्राउझरमधूनच दूरचं मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर. ते लावताना लॉगिन पेज दिसलं की वाटतं झालं काम, आणि खरी डोकेदुखी तिथूनच सुरू होते. ग्वाकामोलीत दोन वेगळे भाग आहेत: टॉमकॅटमध्ये (जावाची वेब ॲप चालवणारा सर्व्हर) चालणारं वेब ॲप, जे तुम्हाला ब्राउझरमध्ये दिसतं, आणि मागे बसलेला ग्वाकडी नावाचा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम, जो समोरच्या मशीनशी आरडीपी (विंडोजचा रिमोट डेस्कटॉप), व्हीएनसी (स्क्रीन शेअरिंग) किंवा एसएसएच (कमांड लाइन) या प्रोटोकॉलने बोलतो. जो भाग ठणठणीत आहे त्याचाच लॉग वाचत बसणं ही पहिली चूक, मी स्वतः अख्खी संध्याकाळ टॉमकॅटचा लॉग चाळलाय आणि लोचा निघाला ग्वाकडीत.

पेजच येत नाही, ४०४ मिळतोय? मग टॉमकॅटचं व्हर्जन बघा. टॉमकॅट १० मध्ये जावाच्या पॅकेजांची नावं जावाएक्सवरून जकार्ता झाली, आणि ग्वाकामोलीच्या १.५ मालिकेतली वॉर फाइल (वेब ॲपचं पॅकेज) जुन्या नावांवरच बांधलेली आहे, त्यामुळे टॉमकॅट मस्त चालू दिसतो पण ॲप उठतच नाही. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) च्या रेपोतून टाकला की नेमका १० च येतो. सरळ टॉमकॅट ९ वेगळा उतरवून लावा. वॉर फाइल बदलून देणारं मायग्रेशन टूल आहे, चालतंही, पण मग दर अपडेटला तेच करत बसायचं.

आता लॉगिन होतंय पण विंडोज मशीन उघडत नाही, सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. ग्वाकडी सोर्समधून कंपाइल केला असेल तर कॉन्फिगर संपताना एक यादी येते, कुठल्या प्रोटोकॉलला येस आणि कुठल्याला नो, ती कोणी वाचतच नाही. फ्रीआरडीपीची (ग्वाकडी आरडीपीसाठी जी वापरतो ती लायब्ररी) डेव्हलपमेंट फाइल्स नसतील तर आरडीपीसमोर नो येतं, पण बिल्ड मात्र एरर न देता पूर्ण होतं! मग कनेक्ट करताना ग्वाकडीच्या लॉगमध्ये येतं की आरडीपीचा सपोर्ट इन्स्टॉलच नाहीये. लायब्ररी टाका, परत कॉन्फिगर करा, परत बिल्ड करा, आणि लिनक्सवर शेवटी एलडीकॉन्फिग (नव्या लायब्ररींची सिस्टिमला नोंद करून देणारी कमांड) चालवायला विसरू नका.

दुसरं कारण जरा विचित्र आहे. फ्रीआरडीपीला होम डिरेक्टरीत लिहायला लागतं, आणि ग्वाकडी डीमन नावाच्या सिस्टिम युजरखाली चालत असेल तर त्याला लिहिता येईल असं होमच नसतं. एसएसएच चालतं, व्हीएनसी चालतं, फक्त आरडीपी पडतं, आणि माणूस विंडोजची फायरवॉल उलटीपालटी करत बसतो. ग्वाकडीसाठी वेगळा युजर करा, त्याला होम द्या, मिटलं. सर्टिफिकेटमुळेही आरडीपी नाकारलं जातं, विंडोजचं सर्टिफिकेट स्वतःच सही केलेलं असतं ना. घरच्या नेटवर्कवर कनेक्शनच्या सेटिंगमध्ये ते दुर्लक्षित करा असं टिक केलं तर चालून जातं.

काहीच कनेक्ट होत नसेल, एसएसएचसुद्धा नाही, तर ग्वाकडी कुठल्या पत्त्यावर ऐकतोय ते बघा. पोर्ट ४८२२. कधीकधी लोकलहोस्ट म्हटलं की तो आयपीव्ही६ च्या पत्त्यावर बसतो आणि वेब ॲप १२७.०.०.१ वर शोधत राहतं. ग्वाकडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये बाइंड होस्ट १२७.०.०.१ असं स्पष्ट लिहा. डॉकरवाल्यांनो (म्हणजे प्रत्येक भाग वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांनो), कंटेनरमधला लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच, तिथे ग्वाकडीच्या कंटेनरचं नाव द्यायचं. आणि वैतागून सगळ्या पत्त्यांवर ४८२२ उघडा टाकू नका, त्या पोर्टवर ना पासवर्ड लागतो ना डीफॉल्टला एन्क्रिप्शन असतं.

युजर डेटाबेसमध्ये ठेवत असाल तर त्यासाठीचं एक्स्टेन्शन आणि वॉर फाइल एकाच व्हर्जनची ठेवा, नाहीतर एक्स्टेन्शन लोड न होण्याची शक्यता असते आणि मग बरोबर पासवर्ड टाकूनही लॉगिन होत नाही.

ग्वाकामोलीच्या पुढे एनजिनएक्स (ब्राउझरच्या विनंत्या मागे पोचवणारा वेब सर्व्हर) असेल आणि माउस दोन सेकंद मागे रांगत असेल तर प्रॉक्सी बफरिंग बंद करा, एचटीटीपी १.१ ठेवा, अपग्रेड आणि कनेक्शन हे हेडर पुढे पाठवा. वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं राहणारं कनेक्शन) नाही जुळलं तर ग्वाकामोली गुपचूप साध्या एचटीटीपीवर उतरतं, चालतंय असं दिसतं, फक्त रडतखडत.

एवढं करूनही अडलं तर ग्वाकडीची सर्व्हिस थांबवा, टर्मिनलमध्ये फोरग्राउंडला डीबग लेव्हलवर चालवा आणि दुसऱ्या खिडकीत कनेक्ट करून बघा, कुठे धडकतंय ते तिथे दिसतं. आणि हो, डेटाबेससोबत जो ग्वाकॲडमिन युजर येतो त्याचा पासवर्डही ग्वाकॲडमिनच असतो, सर्व्हर बाहेरून दिसायच्या आधी तो बदला.