भट्टीत भांडं फुटतंय? या चुका टाळा

भट्टीत काही फुटलं की नवशिक्यांचं वाक्य ठरलेलं: "आत हवेचा बुडबुडा राहिला असेल." बुडबुडा बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. भांडं फोडतं ते पाणी. १०० अंशांच्या पुढे मातीत उरलेल्या पाण्याची वाफ होते, तिला पाण्याच्या साधारण १६०० पट जागा लागते आणि जाड बुडातून तेवढ्या घाईने बाहेर पडायला वाटच नसते.

एकदा एका उत्साही शिकाऊने मोठी कुंडी आणली. कडा सुबक, बूड मात्र चांगलं ३ सेंटिमीटर. "दहा दिवस सुकतेय, पांढरी पडलीय बघा!" पांढरी पडली होती खरी, पण वरून. मलाही भट्टी भरायची घाई होती. बुडाला हात न लावता ठेवून दिली. दोनेक तासांत आतून 'ढप्प' असा दबका आवाज आला. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर बुडाचा चुरा, शेजारच्या अकरा कपांचे कान गेलेले आणि ठिकऱ्या थेट भट्टी तापवणाऱ्या तारांच्या खाचांत. कुंडी त्याची, कप बाकीच्यांचे, चिमट्याने ठिकऱ्या वेचत बसलो मी.

तेव्हापासून प्रत्येक भांड्याचं बूड मी गालाला लावून बघतो. लोक हसतात, हसू देत. गार लागलं तर आत ओल आहे, भांडं परत फळीवर. बूड आणि भिंत सारख्याच जाडीची ठेवा, ७-८ मिलिमीटर पुरे. पहिले दोन दिवस वर सैल प्लास्टिक, मग जाळीवर उलटं. तरी मनात शंका असेल तर भट्टी ८०-९० अंशांवर रात्रभर, हवेचं भोक उघडं ठेवून. आणि हेअर ड्रायर कृपा करून घरीच ठेवा. वरचा थर सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो, मग तडा मातीच्या नावावर.

कपाला कान लावताना दोन्ही माती सारख्याच ओल्या हव्यात. सुकलेल्या कपाला ओला कान चिकटवला की तो सुकताना सुटणारच, कितीही थापा.

कुंडीला पाणी जायचं भोक माती अर्धवट सुकून चामड्यासारखी असतानाच पाडा.

ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, देताना बुडाला मेण लावा, शिवाय बुडालगतच्या कडेचं ३ मिलिमीटर ओल्या स्पंजने पुसा. वितळलेलं ग्लेझ भांड्याला भट्टीतल्या फळीशी जोडून टाकतं, मग छिन्नी घेऊन बसा.

आता माझा लाडका राग: गरम भट्टी उघडणारे. "जरा फट करून बघू" म्हणत २०० अंशांवर झाकण उचलतात. गार हवा लागते, आतून 'टिंग... टिंग...' असे गोड आवाज येतात आणि ही मंडळी खूश होतात. अहो, ग्लेझला बारीक जाळी पडतेय ती! माती पुरती भाजून घट्ट झालेली नसेल तर त्याच जाळीतून पुढे पाणी झिरपतं. कधी आख्खी ताटलीच उभी चिरते, कडा वस्तऱ्यासारखी. मी १०० च्या खाली काटा आल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही. आणि इतरांनी लावू नये म्हणून हल्ली भट्टीच्या खोलीला कुलूप घालून किल्ली घरी नेतो.